शादुलमामू पिंजारी

शादुलमामूला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
एकाहत्तरला शकरगडच्या बाजूला
तोफ भरायचा. कानात कापसाचे बोळे.
एका पहाटे घालायचे राहिले.

आता सेलूत, जिनिंगमागच्या पत्र्याच्या शेडात
कापूसच पिंजतो.
तात टणकारते, ती त्याला अंगठ्यातून कळते.
भुवया पांढऱ्या; कापसानं की वयानं,
गिऱ्हाईक विचारत नाही.

झेंडावंदनाला तहसीलात खुर्ची मिळते, शाल मिळते.
मागच्या साली शाल बोटांत चुरगाळून म्हणाला,
"साहेब, ह्याच्यात सूत कमी, नायलॉन लई."
साहेब हसले. हा नाही हसला.

लढाईचं विचारलं की भाव सांगतो:
गादी एवढ्याला, उशी तेवढ्याला,
सरकी लागली टोचायला तर पैसे परत.

बाबा गेले तेव्हा त्यांची गादी
सायकलवर आडवी टाकून नेली.
"सगळा फेका, नवा भरा," म्हणालो,
पण डाव्या बाजूनं.
त्यानं उजवा कान पुढं केला.
दुसऱ्यांदा मला बोलता आलं नाही.

जुनाच पिंजला त्यानं, उन्हात पसरला,
आणि दिवस मावळेपर्यंत
काठी घेऊन
शेळ्या हाकलत बसला.