खाल्ल्या मिठाला

रात्री दीडला मयूर दक्षिणेकडून वर चढतो.
घुमट फिरतो, तेल संपलेल्या घाण्यासारखा,
आणि मी, एदेल्मिरा कोदोसेओ, दुर्बीण चालवणारी,
पादुआहून आलेल्या ओर्नेलाला विचारते, आज कुणाची पाळी?
तिचीच. सहा हजार सातशे बावन्न.
नावाच्या जागी आकडा असलेली वस्ती.
लाखांवर चांदण्या, मुठीत आवळलेल्या;
तेराशे कोटी वर्षांत
फारसं कुणी घर सोडून गेलेलं नाही.

एकेका चांदणीवर एकेक तंतू टेकवलेला.
चाळीस मिनिटं उजेड गोळा होतो.
तोवर आम्ही थर्मासमधला चहा पितो,
ओर्नेला तीन चमचे साखर घालते आणि ढवळत नाही.

मग रेघा उमटतात.
लोखंड सगळ्यांत सारखं, ती म्हणते,
कणभरही इकडेतिकडे नाही.
म्हणजे कूळ एकच.
पण पिवळ्यातल्या या दोन बघ, जुळ्या.
एकीच्या अंगावर केसाएवढ्या,
शेजारणीच्या अंगावर बोटाएवढ्या.
आणि जिथे सोडियम असा माजलेला
तिथे ऑक्सिजन आटलेला. दर वेळी.
एक अळणी, एक खारट,
आणि दोघी एकाच घरच्या.

मी विचारते, खारट झाली कशी? स्वतःच शिजवलं?
ओर्नेला हसते. एवढीशी चूल तिची,
तिच्यात सोडियम रांधला जात नाही.
ते आधीच्या कुणीतरी रांधलं,
मोठ्या, तापट, अल्पायुषी कुणीतरी,
आणि उरलंसुरलं वाऱ्यावर सोडून ते गेले.
त्या राखेतून ही दुसरी पंगत बसली.
कोण होते ते?
माहीत नाही. चार नावं आहेत आमच्याकडे,
चारही हिशेबात कुठेतरी चुकतात.

आता मी बोलत नाही.
कारण सोडियम मला नवा नाही.

माझे वडील एलेउतेरियो, पाम्पावर, सोऱ्याच्या कारखान्यात.
शर्टाच्या पाठीवर पांढरे नकाशे,
आई तीनदा धुवायची, चौथ्या दिवशी तेच देश.
आजोबांना तर पगारही रबरी बिल्ल्यांत मिळायचा,
कंपनीच्या दुकानात कंपनीचंच पीठ.
खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात;
ते मिठालाच जागले, मालकाचं तोंडही न बघता.
मग कारखाना बंद झाला.
दारं-खिडक्या लाकडाच्या भावाने गेल्या,
आमच्या गल्लीचं नाव आता फक्त वाऱ्याला येतं.
शेवटच्या वर्षी वडिलांच्या बोटाला चिमटा असायचा,
त्यावर लाल आकडा: चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी.
उशाशी निळी टाकी.
धूळ छातीत बसली होती, डॉक्टर म्हणाले,
ती आता निघत नाही.

ओर्नेलाचा आलेख मी त्यामुळे
फार वेळ बघू शकत नाही.
सोडियम वर, ऑक्सिजन खाली,
ठिपके उतरत जातात, जिना उतरावा तसे.

धाकटा आन्सेल्मो सालारवर असतो.
हिरव्या-निळ्या तळ्यांत खारं पाणी ऊन खात पडतं,
दीड वर्षाने लिथियम हाती लागतं.
त्याला मी सांगितलं, ताऱ्यांना ते जपता येत नाही,
जरा आच वाढली की फुटतं.
तो म्हणाला, मग तुमच्या त्या खारट चांदण्यांत ते नसणारच.
हाच प्रश्न मी ओर्नेलाला विचारला.
तिने चमचा खाली ठेवला.
थोडं आहे, म्हणाली. तेच तर कोडं.
म्हणजे राखेत कुणीतरी कोरा वायू मिसळला असणार,
कधी चुलीवर न चढलेला.

पहाट होत आली तेव्हा ऑक्सिजनच्या रेघेपाशी
एक टोचरा उजेड दिसला, भलत्याच जागी.
तो त्यांचा नाही, ती म्हणाली, आपल्या आकाशाचा.
आपण श्वास घेतो तोच. वजा करावा लागतो.

तिने वजा केला.
मी घुमट मिटला, हात पुसले,
आणि बोट सवयीने ओठाला लागलं.
खारट.
हे कोणी रांधलं, मला ठाऊक आहे.
निदान एवढं.