मसुद्यातला एक शब्द

आगरवाड्याच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
लहान बाकांवर मोठी माणसं दुमडून बसलेली.
फळ्यावर शुक्रवारचं शुद्धलेखन तसंच होतं.
कुणी पुसायला उठलं तर शेवंती कोरगावकर म्हणाली,
राहू दे, पोरांचं आहे.

हजेरीच्या कागदावर तिचा अंगठा:
निळा गोल, आत एकही रेषा नाही.
मिठानं खाल्ल्या.
बँकेचं यंत्रही दर नोव्हेंबरला तिला
नाही म्हणतं.

मी पानामागे पैसे घेऊन आले होते.
दूर जिनिव्हाला देशोदेशींची माणसं
म्हाताऱ्यांच्या हक्कांचा करार लिहायला बसणार,
त्यांच्या टेबलापर्यंत इथल्या चार ओळी जाव्यात
म्हणून हा रविवार.
मी वाचलं: वृद्ध व्यक्तींच्या मानवी हक्कांचे
आंतरराष्ट्रीय संरक्षण अधिक बळकट करणे.
पंखा फिरत राहिला.
मग मागच्या बाकावरून:
संरक्षण म्हणजे?

राखण, मी म्हणाले.

मला शब्द चांगला वाटला होता.
वेशीवर राखणदार आहेच; त्याला रोट, सोरो, विडी,
वर्षाला नव्या वहाणा,
कारण तो रात्रभर गावाभोवती फिरतो
आणि जुन्या झिजतात.

शेवंती हसली नाही.
– माझी राखण होते की.
पुतण्या कामावर जाताना बाहेरून कडी घालतो.
मी पडू नये, हरवू नये, गॅस उघडा राहू नये.
वाईट नाही तो. जेवण झाकून जातो.
खिडकीतून मिठागर दिसतं.
चाळीस वर्षं त्या बांधावरून चालले,
बोटभर रुंद, डोक्यावर टोपली,
पायाच्या भेगांत मीठ.
तेव्हा, पडशील गो, असं कुणी म्हटलं नाही.

चोपड्याचा एर्मेलिंद फुर्तादो,
जन्मभर जहाजांच्या इंजिनखोलीत, एका कानानं बहिरा,
म्हणून ओरडूनच बोलतो:
– बोटीवर भिंतीला कागद असतो!
कोण कुठल्या होडीत, सगळं लिहिलेलं.
कॅप्टनचं नाव, मग माझं,
सगळ्यात खाली भांडी घासणाऱ्या पोराचं.
पाणी आत आल्यावर कुणी विचारत नाही
तुझा मुलगा कुठं असतो, पैसे धाडतो का.
नाव आहे ना? मग जागा आहे.
जरा थांबून, पहिल्यांदाच हळू:
– घरात तसला कागद नसतो.

रात्री मी राखण खोडलं.
जपणूक लिहिलं; ती काचेच्या भांड्यांची.
सांभाळ; तो पोरांचा, गुरांचा.
रक्षण लिहिल्यावर दारात शिपाई उभा राहिला.
शब्दकोश घ्यायला कपाट उघडलं
तर त्याच्याखाली बाबांचं पासबुक.
दोन वर्षांपूर्वी मीच ठेवलेलं,
हरवू नये म्हणून.
त्यांनी एकदा विचारलं होतं, किती आहेत गो?
मी म्हटलं होतं, पुरेसे आहेत, काळजी करू नका.
पलीकडच्या खोलीत ते जागे होते.
मी पासबुक टेबलावर ठेवलं,
मग बराच वेळ काही लिहिलं नाही.

निघताना मी शेवंतीला विचारलं होतं,
मग काय लिहू?
ती म्हणाली, लिही, कडी आतून.
पन्नास शब्दांची मुभा होती त्या रकान्यात.
मी एवढेच दोन लिहिले.
पणजीहून फोन येईल, हे कलमात बसत नाही म्हणून.
येऊ दे.

शाळेबाहेर तिचा पुतण्या स्कूटर घेऊन थांबला होता.
बस, म्हणाला. ती बसली नाही.
चपला हातात घेतल्या
आणि बांधावरून निघाली,
दोन्ही बाजूंना वाफ्यांत उभं पाणी.
तो काही बोलला असेल, मला ऐकू आलं नाही.
मग त्यानं स्कूटर सुरू केली
आणि रस्त्यानं, पाय जमिनीला टेकवत टेकवत,
तिच्या चालीनं नेत राहिला.