तीनशे जीएसएम

साध्या कागदावर दोन रुपये,
जाड कागदावर वीस,
लॅमिनेशनचे पंधरा वेगळे.
गोळीबार चौकातलं माझं दुकान
एक स्कूटर आडवी उभी राहील एवढं,
आणि मे महिन्यात दुपारी दोनला
कुलरही धापा टाकून राहिलेला असतो.

पोरं पेनड्राइव्ह आणत नाहीत आता.
"काका, व्हॉट्सॲपवर टाकलं."
मी उघडतो:
निळी किनार, सोनेरी शिक्का,
खाली अशा माणसाची सही
ज्याला नागपूर नकाशात शोधावं लागेल.
मधोमध नाव, मृणाली देवेंद्र पराते.
डेटा ॲनालिटिक्स.
सहा महिन्यांचा कोर्स तिनं चौतीस दिवसांत संपवला.
"मग पैसे लागतात ना काका."

हे तिचं पाचवं.
प्लास्टिकच्या पिशव्या मीच मोजून देतो,
म्हणून कोणाचं कितवं ते मला पाठ असतं.

अंकुश बोबडेची अकरा झाली होती.
तो आता जेवण पोचवतो.
पाठीवरच्या चौकोनी पिशवीत
सावजीचा रस्सा सांडतो म्हणून
तळाला त्यानं एक सर्टिफिकेट अंथरलं.
"तेल धरत नाही काका, पुसलं की साफ."
तो हसला.
मला हसू आलं नाही,
लॅमिनेशन माझं होतं.

आणि शहारे बाईंचा पोरगा,
इतिहास घेऊन बी.ए. झालेला,
एकच कागद घेऊन परसोडीच्या आयटी पार्कात गेला
अन् लागला. सतरा हजार, रात्रपाळी.
मी विचारलं, कागदानं लागलास काय बे?
म्हणे, कागदानं बोलावलं.
मग त्यांनी एक बंद कॉम्प्युटर समोर ठेवला
आणि चहाला निघून गेले.

आता यातून काय समजायचं माणसानं?

मृणालीच्या घरी टीव्हीच्या वर
एक जुनी फ्रेम आहे. मी पाहिली आहे.
माग बंद पडले त्या वर्षी
तिच्या बाबाला मिळालेली,
पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, शिलाई मशीन दुरुस्ती.
देवेंद्रभाऊ सध्या बर्डीवर
एका एटीएमच्या दारात बसतो.
फ्रेमची काच मात्र रोज पुसतो.

त्या दिवशी ती काउंटरवर थांबली.
दोनशे अर्ज, चार उत्तरं,
चारही उत्तरांत 'दुर्दैवाने' हा शब्द.
फ्रेशर पाहिजे, दोन वर्षांचा अनुभव पाहिजे.
"काका, कागद जाड असला
की काही फरक पडतो?"

पडतो म्हणावं तर वीस रुपये.
नाही म्हणावं तर दोन.
मशीन तापून तयार होतं.
मी उगाच ट्रे बाहेर ओढला, आत ढकलला.

"साध्यावरच काढा," तीच म्हणाली.
मग तिची नजर माझ्या उधारीच्या वहीवर गेली.
"ही देता का आठ दिवस?
कोर्समधली दुकानं सगळी खोटी असतात.
त्यांच्यात कोणी पैसे बुडवत नाही."

आठ दिवसांनी लॅपटॉप उघडून
तिनं मला माझंच दुकान दाखवलं:
जाड कागद कोणत्या महिन्यात खपतो,
शाई कुठे वाया चालली,
आणि बुडालेल्या उधारीतली अर्धी
माझ्या साळ्याच्या नावावर.
हे मला माहीत होतं.
पण रंगीत खांबात उभं केल्यावर
तो साळा वेगळाच दिसला.

गुरुवारी तिला मिहानला बोलावलंय.
पाच कागदांमुळे, की वहीमुळे,
की तिथं कोणी नोकरी सोडली म्हणून,
ते तिलाही ठाऊक नाही.
"त्यांनी काही विचारलं तर
खरी पानं दाखवीन," म्हणाली,
आणि वही ओढणीत गुंडाळून घेऊन गेली.

आज शनिवार.
फोन मी केला नाही.
वही अजून तिच्याकडेच आहे,
उधारी मी भिंतीवर लिहून राहिलो,
पेन्सिलनं.