अगत्य

जांबोटीच्या पुढं, मलप्रभेच्या पहिल्या वळणांत आमची शाळा.
सात वर्ग, चार शिक्षक, रुळाच्या तुकड्याची घंटा.
हेडमास्तर म्हणाले, "बाई, ती पोरं आता तुमच्याकडं."
कुठली पोरं, हे त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
त्यांना काय म्हणायचं
ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

म्हणून आता नलीकलीच्या तीन वर्गांसोबत
माझ्याकडं एक निळी वही आहे, सहा नावांची,
आणि खानापूरहून आलेली पेटी,
जिच्यात श्रवणयंत्रं दोन आहेत
आणि बॅटऱ्या नाहीत.

परिपत्रक कन्नडातून येतं.
मला कन्नड येतं ते बाजारापुरतं,
एष्टु, साकु, नाळे बर्तीनि.
कागदावर मात्र ती गोल अक्षरं
एकमेकांच्या कडेवर बसलेली.
मी बोट ठेवून वाचते, ओठ हलवत,
कुणी बघत नाही असं बघून.

मैथिली हलगेकर बघत होती.
तिसरीत आहे. 'घर' आणि 'धर' तिच्यासाठी एकच दार.
"बाई, तुमची बी अक्षरं हालतात काय?"
व्हय गं. हालतात.
"मग तुमी काय करता?"
थांबते. बोट उचलत नाही.
ती बाकावर सरकून बसली
आणि माझ्या बोटामागं तिनं आपलं बोट लावलं,
शाईनं माखलेलं, नख चावलेलं.
तिला ती अक्षरं येत नव्हती, मलाही धड नाही,
खरं आम्ही अर्धं पान पार केलं.

त्या पानावर होतं, विशेष अगत्यवुळ्ळ मक्कळु.
गंगव्वा दुधाची पावडर घोटता घोटता म्हणाली,
"अगत्य म्हंजे गरज की, बाई. जे लागतंय ते."
मी थबकले.
आमच्यात अगत्य म्हणजे
दारात आलेल्याच्या हातातली पिशवी काढून घेणं,
'न जेवता कसं जाशील' म्हणणं,
आणि घरात भात कमी आहे
हे चेहऱ्यावर न येऊ देणं.
शब्द एकच. ह्या घरी मागतो, त्या घरी वाढतो.
निळ्या वहीवर मी नाव घातलं: अगत्याची मुलं.
तपासणीच्या साहेबांनी त्यापुढं लाल प्रश्नचिन्ह काढलं.
ते आहे अजून. खोडलं नाही.

प्रज्वल पाखरे बोलत नाही.
घंटा झाली की कान दाबून पळायचा, थेट नदीकडच्या बांधावर.
मी टोल्याला सायकलची ट्यूब गुंडाळली.
चार दिवसांत बायका आल्या शाळेत,
"घंटा ऐकू येत न्हाई बाई, डबे चुकूलेत आमचे."
सगळ्या गावाचं घड्याळ त्या रुळात होतं,
मला कुठं ठाऊक?
ट्यूब काढली.
आता तो रुळासमोर उभा राहतो.
सातवीचा लक्ष्या टोला उचलून धरतो
आणि थांबतो.
प्रज्वल घंटेकडं बघतो, टोल्याकडं, आभाळाकडं,
मग सावकाश दोन्ही कानांवर हात ठेवतो.
मगच वाजते.
कधी दहाला दहा वाजतात, कधी दहा वर चार मिनिटांनी.
डबे चुकल्याचं परत कुणी म्हणालं नाही.

सगळं असंच होतं, असं नाही.
परवा मी त्याच्यावर ओरडले, तीन वर्गांच्या गोंगाटात,
ज्या आवाजाला मी ट्यूब गुंडाळली होती
त्याहून मोठ्यानं.
वहीत ते लिहिलं नाही. इथं लिहिते.
तो दिवसभर दप्तराच्या पट्ट्याशी बसून होता,
आणि घरी जाताना माझ्या टेबलावर
चिंचोके ठेवून गेला, सात.
माफ केलं की मोजून दाखवलं, कळत नाही.

तिमाही अहवालात रकाना आहे, प्रगती.
तीन शब्द मावतील एवढा.
मैथिली शेजारी येऊन बसलीय, बोट तयार ठेवून.
"बाई, काय लिवायचं?"
थांब गं.
बॅटऱ्यांचं आधी लिहू.