मोठे बूट

चावी कसली, ट्यूरा म्हणाली, दारच नाही त्याला.
बूट मात्र लागतील.
आणि मागच्या दारातून तिनं रबरी बुटांची जोडी आणली,
माझ्या पायांना दोन बोटं मोठी.

बीटच्या शेतात मधोमध ते टेकाड.
ताटासारख्या सपाट लोलान बेटावर
जमिनीनं तेवढ्याच जागी दम रोखून धरलेला.
माथ्यावर एक काटेरी झुडूप,
वारा म्हणेल तिकडे वाकून वाकून तसंच राहिलेलं.

तोंड गुडघ्याएवढं. आधी डोकं, मग खांदे,
मग कोपरांवर आठ हात.
(भीती वाटली की मी मोजत सुटते.)
आत मात्र उभं राहता येतं.
कुणीतरी हिशोब करून ठेवलाय:
इतकं सरपटत आलेल्याला
शेवटी पाठ सरळ करता यावी.

दोन धोंड्यांच्या मध्ये चपट्या दगडांची चळत,
चळतीत भूर्जाची साल, घडीवर घडी,
ओल झिरपू नये म्हणून.
मेलेल्यांना गारठा लागू नये म्हणून!
हे मी वाचून आले होते.
साल बोटाला लागली
तेव्हा कळलं, नुसतंच वाचलं होतं.

हाडं केव्हाच राजधानीत गेली, खोक्यांतून, नंबर घालून.
उरलंय ते मेणबत्तीचं बूड,
चॉकलेटची चांदी,
आणि छताला कोळ्यानं टांगलेली पांढरी पिशवी, अंड्यांनी भरलेली.
विजेरी बंद करून पाहिली.
पाच हजार वर्षांचा म्हणावा असा अंधार नव्हता तो.
आजचाच होता. माझं नाक वाजत होतं त्यात.

बाहेर ट्यूरा बांधावर उभी.
आस्गरचा नांगर दर साली वीतभर खायचा याची कड, म्हणाली.
सरकारी माणूस टेप घेऊन यायचा, ओरडायचा.
आस्गर म्हणायचा, मेलेल्यांना कशाला हवी एवढी जागा?
शेवटच्या हंगामात,
डॉक्टरांचं सांगून झालं होतं तेव्हा,
त्यानं ट्रॅक्टर दोन मीटर लांबून वळवला.
मी खिडकीतून बघत होते.
जेवताना विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.
त्या पट्ट्यात आता नुसतं गवत.
मुलगा म्हणतो, बीट लावू.
मी म्हणते, पुढच्या वर्षी बघू.
सहा वर्षं झाली.

दारात बूट काढले.
डाव्याच्या टाचेत जवाची कुसळं, जुनी, काळी पडलेली.
चिखल लागलाय, धुऊन देते, म्हटलं.
राहू दे, म्हणाली.
तिथंच ठेव.
नाही, तसे नको,
टोकं शेताकडे करून.