कोणी कोणी पाहिलं

ग्रंथालयातली काट्री म्हणाली,
"हेल्वे मावशी, इथे दाबा.
तुमची फाइल कोणी कोणी उघडली ते दिसेल.
हक्कच आहे तुमचा."
मी धुरात मासे भाजणारी बाई, हाताचा वास जात नाही,
म्हणून एकाच बोटाने शिवले कीबोर्डला.

यादी आली.
डॉक्टर उर्मास, कुरेसारे, सोमवार, सकाळी नऊ-दहा. बरोबर.
प्रयोगशाळा. बरोबर.
क्ष-किरण विभाग, दोनदा. पहिल्यांदा मी हलले होते.
मग तार्तू.
तार्तूला तर मी गेलेच नाही.
रात्री दोन वाजून अकरा मिनिटं.
पुन्हा दोन सव्वीस.
गुरुवारी. ईस्टरच्या रविवारी.
अकरा वेळा एकच नाव,
मीच ठेवलेलं.

सहा वर्षं, मारिका.
तुझ्या बापाची होडी मी विकली, तेव्हापासून
ना फोन, ना नाताळचं कार्ड.
आणि जी गाठ मी शेजारच्या लाइनेलाही कळू दिली नाही,
सौनात टॉवेल छातीशी घट्ट धरून बसले,
ती तू मिलिमीटरमध्ये ओळखतेस.

"तक्रार करता येते," काट्री म्हणाली.
"नोकरीवर येऊ शकतं त्यांच्या."
पडद्याकडे पाठ करून उभी होती ती.
परक्या पोरीला कळतं, कुठे बघू नये.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
रात्री दोनला कुणीतरी जागं आहे माझ्यासाठी.
पण राग आधी आला होता
आणि तो अजून खुर्ची सोडत नाही.
नऊ वर्षांची असताना माझ्या पेटीतली पत्रं वाचलीस,
तेव्हाही म्हणालीस, काळजी वाटली म्हणून.
काळजीला दार वाजवता येत नाही का गं?

तक्रार नाही केली.
कडी घातली. काट्रीने दाखवलं कशी घालायची.
आता उर्मास आणि त्याची माणसं, बस.
आज रात्री बोट ठेवशील
तर काही उघडणार नाही.
थोडा वेळ बसून राहशील, मला ठाऊक आहे,
अंगठ्याचं नख चावत.

खिडकीजवळचा फोन तोच आहे, नंबरही तोच.
मंगळवारी ऑपरेशन.
तुला माहीत असेलच.
पण मी अजून
सांगितलेलं नाही.