वाटी

खांबाशी पाय रुतला मातीत
आणि मी वळले. पाय नाही वळला.
रेशीमबागच्या मैदानावर, मार्चमधल्या चार वाजता,
गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला जाऊन बसली,
ताटातली कोणी उगीच सरकवावी तशी.

निमजे सरांनी पाय धरून हळूहळू सरळ केला.
टक् झालं. वाटी घरी आली.
सगळ्यांना वाटलं, संपलं.

दुसऱ्यांदा जिन्यात. हातात दुधाची पिशवी होती.
तिसऱ्यांदा तर झोपेत, कूस बदलताना.

धंतोलीत फरहीन मॅडमनी एमआरआय उजेडाला धरला.
"वाटी खाचेतून चालते. तुझी खाच जन्मापासूनच उथळ.
आतल्या अंगाचा एक धागा तिला ओढून धरायचा, तो उसवलाय."
बाबा गोळीबार चौकातले. माग विकून वीस वर्षं झाली,
तरी धागा म्हटल्यावर खुर्चीत पुढे सरकले.
"गाठ नाही मारता येत?"
"येते. पण आधी मांडीला कामाला लावू."

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली.
दाब. धर. दहा मोज. सोड.
कूलरची घरघर, बाहेर शेहेचाळीस,
आणि मांडीचा आतला स्नायू ढिम्म.
काऊन उठत नाही बे, विचारलं त्याला.
आठव्या दिवशी थरथरला, पापणी लवावी एवढाच.
आईला हाक मारली.
कणकेचं बोट टेकवून ती म्हणाली,
"जित्ता हाय."

संघ स्पर्धेला गेला धाराशिवला.
ग्रुपवर फोटो आले. मी फोन उलटा ठेवला
आणि त्या दिवशी दहाचे पंधरा मोजले.

आता वाटी जागेवर असते.
भरवसा नसतो.
मॅडमनी अंगठ्याने बाहेर नुसती ढकलली
तरी माझा हात त्यांचं मनगट धरतो.
"हे दुखणं नाही," त्या म्हणतात, "आठवण आहे.
तिलाही व्यायाम लागतो."

काल सरांनी पाटीवर बसवलं.
पळायचं नाही, खो आला की फक्त उठायचं.
पाठीमागे मोनालीची पावलं. दोनदा तिने मला टाळलं,
मुद्दाम, मला कळत होतं.
तिसऱ्यांदा पाठीवर तळवा पडला, जोरात.

उठले. उजव्यावर. हो, त्याच.
चालत खांबापर्यंत गेले, हात लावला,
लाकूड तापलेलं होतं.

वळायचं पुढच्या आठवड्यात, सर म्हणाले.